सावर क्रीम, मका आणि फुटलेलं मिश्रण

प्रश्न असा आहे: न्यू जर्सीतल्या बहिणीने पाठवलेल्या कृतीवरून पुण्यात कॉर्न कॅसरोल केलं, म्हणजे मका, अंडी आणि सावर क्रीम कालवून ओव्हनमध्ये भाजलेला मऊ पदार्थ. सावर क्रीमऐवजी चक्का, कॉर्नमीलऐवजी कॉर्नफ्लॉवर आणि ‘क्रीम स्टाइल कॉर्न’च्या डब्याऐवजी उकडलेले मक्याचे दाणे घेतले. तासभर भाजूनही तळाशी रबरासारखा थर, वर दह्याच्या गाठी आणि कडेला पिवळं पाणी. चूक कुठे झाली, आणि सावर क्रीम घातलेले मक्याचे पदार्थ इथल्या सामानात नीट कसे करायचे?

सुरुवात तळापासून करू, म्हणजे भांड्याच्याच तळापासून. तो रबरी थर कॉर्नफ्लॉवरचा आहे. आपल्याकडे कॉर्नफ्लॉवर म्हणून जे मिळतं तो मक्याचा निव्वळ स्टार्च: पांढराशुभ्र, चिमटीत दाबला की करकरणारा. अमेरिकेत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात. कृतीतलं कॉर्नमील म्हणजे वाळलेल्या मक्याचा पिवळा, रवाळ भरडा. स्टार्च पातळ मिश्रणात तरंगत राहत नाही. ओव्हनची धग आतपर्यंत पोचण्याआधीच तो तळाला बसतो आणि साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो. एका जागी गोळा झालेला स्टार्च असा फुगला की त्याची खळ होते. वरच्या भागाला मात्र बांधून ठेवायला काही उरत नाही.

कॉर्नमीलच्या जागी इथे दोन गोष्टी चालतात. किराणा दुकानात मिळणारा मक्याचा बारीक रवा, किंवा भाकरी-रोटीसाठीचं पिवळं मक्याचं पीठ. नुसत्या पिठाने पदार्थ दाट आणि पिठाळ होतो, नुसत्या रव्याने दाताखाली कचकचतो; दोन्ही निम्मं निम्मं घेतलं की अमेरिकेतल्या मध्यम कॉर्नमीलच्या जवळ जातं. गिरणीत वाळका मका रवाळ दळून आणला तर उत्तमच, पण त्यात मक्याचा कोंब दळला गेलेला असतो आणि त्यातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होतं. हुंगून पाहा, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा. खवट पिठाचा कडवटपणा साखरेने झाकला जात नाही.

आता गाठींकडे. मुख्य दोष इथे आहे, आणि सावर क्रीम समजून घ्यायचं तर याच ठिकाणी थांबायला हवं.

सावर क्रीम म्हणजे विरजलेली साय, आंबट दही नव्हे. अमेरिकेच्या अन्न नियमांनुसार साध्या सावर क्रीममध्ये दुधाची किमान १८ टक्के स्निग्धता आणि लॅक्टिक आम्लाच्या हिशोबात किमान ०.५ टक्के आंबटपणा लागतो. प्रथिनं मात्र त्यात दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच असतात. चक्क्यात हे गणित उलटं आहे: पाणी निथळून गेल्यामुळे प्रथिनं कितीतरी पटीने वाढलेली, स्निग्धता त्या मानाने कमी. आंबट मिश्रण तापलं की फुटतं ते प्रथिनांमुळे. केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन आम्लामुळे आधीच एकमेकांना धरून बसलेलं असतं. उष्णतेने ती पकड आवळते, गाठी होतात आणि मधलं पाणी पिळून बाहेर येतं. स्निग्धता जास्त असेल तर तुपाचे कण प्रथिनांच्या मध्ये येतात आणि पकड तितकी आवळत नाही. म्हणून जास्त स्निग्धतेचं सावर क्रीम धग बऱ्यापैकी सोसतं, १८ टक्क्यांचं जपून वापरावं लागतं आणि चक्का ताबडतोब दगा देतो. ‘लाइट’ किंवा ‘फॅट फ्री’ लिहिलेलं सावर क्रीमही याच कारणाने भाजण्यासाठी नको. ते डिंक आणि स्टार्च घालून घट्ट केलेलं असतं आणि ओव्हनमध्ये पाणी सोडतं.

दुसरा बचाव पिठाचा. ताकाला बेसन लावल्याशिवाय कढी उकळायला ठेवत नाहीत, त्याचंच हे दुसरं रूप. फुगलेला स्टार्च प्रथिनांना एकमेकांपासून दूर ठेवतो. एक कप सावर क्रीम जर रस्स्यात किंवा सूपमध्ये जाणार असेल तर त्यात एक मोठा चमचा मैदा किंवा दोन छोटे चमचे कॉर्नफ्लॉवर आधी घोटून घ्या. कॉर्नफ्लॉवरची खरी जागा ही.

घरी सावर क्रीम करायचं तर सर्वांत खात्रीचा मार्ग विरजण्याचा. खोक्यात मिळणारं २५ टक्के स्निग्धतेचं फ्रेश क्रीम २५० मिलिलिटर घ्या, हाताला जेमतेम कोमट लागेल इतकंच तापवा (३० अंशांच्या आसपास), त्यात दीड मोठा चमचा ताजं, गोडसर दही घोटा आणि झाकून ठेवा. पुण्याच्या थंडीत बारा ते सोळा तास लागतात. एप्रिल-मेमध्ये सहा-सात तासांतच ते पुरेसं आंबतं आणि तसंच बाहेर राहिलं तर कडक आंबट होतं. लागल्यावर पातळ वाटलं तरी घाबरू नका, फ्रिजमध्ये एक रात्र राहिलं की घट्ट होतं. आंबट दह्याचं विरजण लावू नका. इथे सौम्य, लोण्यासारखा वास हवा असतो, आणि तो मंद तापमानात सावकाश विरजल्यानेच येतो.

ज्यांच्या घरी तुपासाठी साय साठवून तिला विरजण लावतात त्यांच्याकडे सावर क्रीमचा सख्खा नातलग आधीपासून फ्रिजमध्ये आहे. ती वापरायला हरकत नाही, पण दोन अटी. साय चार दिवसांपेक्षा जुनी नसावी, आणि ती बारीक गाळणीतून चमच्याने घासून घ्यावी, कारण सायीचे पापुद्रे भाजल्यावर चिवट धागे होऊन दिसतात. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नका. लोणी निघेल.

घाई असेल तर म्हशीच्या पूर्ण सायीच्या दह्याचा चक्का १५० ग्रॅम आणि फ्रेश क्रीम १०० ग्रॅम एकत्र फेटा, ढोबळमानाने स्निग्धता सतरा-अठरा टक्क्यांवर येते. हे ओव्हनमध्ये टिकतं, पण विस्तवावर थेट उकळायला नको. फ्रेश क्रीममध्ये लिंबू पिळून अर्ध्या तासात घट्ट केलेलं मिश्रण वरून घालण्यापुरतं ठीक. त्याला विरजलेल्याचा वास नसतो.

तिसरा बदल डब्याचा. ‘क्रीम स्टाइल कॉर्न’ या नावात क्रीम असलं तरी बहुतेक डब्यांत साय नसते: वाटलेला मका, त्याचं दूध, साखर आणि स्टार्च एवढंच. कॅसरोलचा ओलावा आणि घट्टपणा त्याच्यावर उभा असतो. अख्खे उकडलेले दाणे तिथे काहीच काम करत नाहीत, उलट भाजताना स्वतःचं पाणी सोडतात. कडेला साचलेलं पिवळं पाणी म्हणजे दाण्यांचं पाणी, चक्क्याचं पाणी आणि न मुरलेलं बटर.

हा डबा घरी करणं अवघड नाही. भुट्ट्याच्या किसासाठी इंदूरकडे कणीस जसं किसणीवर किसतात तसंच किसा आणि सुरीच्या उलट्या बाजूने दांडा खरवडून उरलेलं दूध काढून घ्या. चार मध्यम स्वीट कॉर्न कणसांतून साधारण ३०० ग्रॅम कीस मिळतो. त्यात १०० मिलिलिटर दूध, दोन छोटे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ठेवा, एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर थोड्या दुधात कालवून ओता आणि चार-पाच मिनिटं ढवळा. पळीला जाडसर लेप बसला की झालं. देशी पांढरं कणीस घेतलं तर कॉर्नफ्लॉवर घालूच नका. त्यात साखर कमी आणि स्टार्च भरपूर, ते आपोआप आळतं. मात्र ते कोवळं हवं. नखाने दाणा दाबला की दूध उडायला हवं. नख रुतत नसेल तर ते कणीस भाजून लिंबू-मीठ लावून खावं, त्याचं कॅसरोल करू नये.

मूळ अमेरिकी कृती पाकिटावर बेतलेली आहे हेही लक्षात घ्या. मिशिगनमधल्या चेल्सी गावच्या चेल्सी मिलिंग कंपनीचं ‘जिफी’ कॉर्न मफिन मिक्स, एक छोटं २४० ग्रॅमचं खोकं. एक डबा क्रीम स्टाइल मका, एक डबा दाणे, एक कप सावर क्रीम, एक ‘स्टिक’ बटर. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाला टर्कीशेजारी बसणारा हा पदार्थ इतका सोपा वाटतो तो पाकिटात अर्धं काम झालेलं असतं म्हणून. (तिकडे राहणाऱ्या शाकाहारी वाचकांसाठी: या मिश्रणात कित्येक वर्षं डुकराची चरबी असायची. खोक्यावरची यादी दर वेळी वाचा. काही सावर क्रीममध्ये जिलेटिनही असतं. यादीत फक्त विरजलेलं क्रीम असलेलं घ्या.)

पाकिटाची जागा घ्यायला: मैदा ८५ ग्रॅम, मक्याचा रवा आणि पीठ मिळून ८० ग्रॅम, साखर ३५ ग्रॅम, बेकिंग पावडर तीन सपाट छोटे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, तेल दोन मोठे चमचे. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा, छोटा म्हणजे ५ चा. आणि कप म्हणजे २४० मिलिलिटर. घरातली वाटी बहुधा त्याहून बरीच लहान असते. एकाच कृतीत कप आणि वाटी मिसळली की प्रमाण कोलमडतं. शक्य असेल तर वजनकाटा वापरा.

आता कृती. २० सेंटिमीटर चौरस, किमान पाच सेंटिमीटर खोल भांड्याला लोणी लावा. ओव्हन १७५ अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. मक्याचा रवा आणि पीठ २४० ग्रॅम सावर क्रीममध्ये आणि वरच्या किसाच्या मिश्रणात कालवून वीस मिनिटं भिजू द्या; बेकिंग पावडर आत्ता घालायची नाही, नाहीतर भांडं ओव्हनमध्ये जाण्याआधीच तिचा जोर निघून जातो. मग दोन अंडी फेटून घाला, तेल आणि ८० ग्रॅम वितळलेलं पण गार झालेलं बटर घाला. अमेरिकी कृतीतली ‘स्टिक’ ११३ ग्रॅमची असते, पण घरचं सावर क्रीम २५ टक्क्यांचं असेल तर एवढं लागत नाही. आपल्याकडचं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं. ते घेतलं तर वेगळं मीठ नको. दाणे २५० ग्रॅम: ताजे असतील तर पाच मिनिटं वाफवून, फ्रोझन असतील तर पूर्ण विरघळवून, दोन्ही वेळा चाळणीत निथळून पंचावर कोरडे करून. शेवटी मैदा, साखर, बेकिंग पावडर चाळून मिसळा. दहा-बारा वेळा उलथनं फिरवलं की पुरे.

सावर क्रीम आणि अंडी घरच्या तापमानाला आलेली असणं ही फाजील सूचना नाही. फ्रिजमधल्या थंड सावर क्रीमवर वितळलेलं बटर ओतलं की ते लगेच थिजून कण होतात. मिश्रण दिसायला ठीक वाटतं, पण ओव्हनमध्ये ते कण वितळून कडेला तळं करतात. बटर जास्त झालं अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा बटर बरोबर असतं, थंडावा चुकलेला असतो.

मधल्या कप्प्यात ५५ ते ६५ मिनिटं. लहान ओटीजीमध्ये वरची सळी भांड्याच्या फार जवळ असते, त्यामुळे पहिली चाळीस मिनिटं फक्त खालची सळी चालू ठेवा. वरची शेवटी रंगासाठी. ‘सुरी घालून कोरडी निघाली पाहिजे’ ही केकची कसोटी इथे लावू नका. हा पदार्थ पाव आणि कस्टर्ड यांच्या मधला आहे. भांडं हलवलं तर कडा घट्ट आणि मधला तळहाताएवढा भाग खरवसासारखा थरथरायला हवा. तापमापक असेल तर मध्यभागी ८५ अंशांच्या आसपास. त्याच्या फार पुढे गेलं तर अंड्यातली प्रथिनंही आवळतात आणि चांगलं जमलेलं कॅसरोल पाणी सोडायला लागतं. बाहेर काढून पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, त्या वेळात ते सेट होतं. गरम गरम कापलं तर कच्चं वाटतं आणि माणूस पुन्हा ओव्हनमध्ये ढकलतो. तिथेच बिघडतं.

कॉर्नब्रेडचं तंत्र वेगळं, कारण तिथे सावर क्रीमचं आम्लही कामाला लावायचं असतं. अमेरिकेच्या दक्षिणेत जुन्या पद्धतीने त्यात बटरमिल्क घालतात आणि तापलेल्या बिडाच्या तव्यात ओततात. सावर क्रीमने तोच पाव जास्त मऊ आणि दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. प्रमाण: मक्याचा रवा-पीठ १५० ग्रॅम, मैदा १२५, साखर ३०, मीठ एक छोटा चमचा, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे, सोडा पाव छोटा चमचा, सावर क्रीम २४० ग्रॅम, दूध १२० मिलिलिटर, दोन अंडी, बटर ७५ ग्रॅम, हवे तर दाणे १५० ग्रॅम.

सोड्याबद्दल थोडं थांबायला हवं. एक कप सावर क्रीमचं आम्ल पूर्ण मारायला साधारण अर्धा छोटा चमचा सोडा लागतो. पण ते पूर्ण मारलं तर आंबट चव गेली, मग सावर क्रीम कशाला? म्हणून सोडा निम्मा आणि उरलेला फुगवटा बेकिंग पावडरचा. अर्ध्या चमच्याच्या वर गेलात तर साबणासारखी चव, लवकर काळवंडणारी कड आणि फुगून मध्ये बसलेला पाव मिळतो. उलट चुकून सोडा राहूनच गेला तर पाव फिकट आणि दडस होतो, कारण आम्लात रंग उशिरा चढतो.

रवा दूध आणि सावर क्रीममध्ये अर्धा तास भिजवा. कचकच बहुतांशी इथेच जाते. ओव्हन २०० अंश. बिडाचा २२-२३ सेंटिमीटरचा तवा किंवा कढई ओव्हनमध्येच तापवा, बाहेर काढून एक मोठा चमचा तूप फिरवा आणि मिश्रण ओता. चर्र आवाज आला तरच खालची कड खरपूस होते. २२ ते २८ मिनिटं. इथे मात्र सुरी कोरडी निघायला हवी, आतलं तापमान ९५ च्या आसपास. हेच मिश्रण बारा मफिनच्या साच्यात सोळा-सतरा मिनिटांत होतं.

अंडं न घालणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे भुगा. मक्यात ग्लुटेन नाही, अंडं काढलं की धरून ठेवणारं कोणी राहत नाही. यावर दह्याचं किंवा केळ्याचं प्रमाण वाढवण्यापेक्षा उकड काढणं चांगलं. मोदकाची काढतो तशीच. कृतीतल्या मक्याच्या पिठातलं ५० ग्रॅम पीठ २०० मिलिलिटर दुधात घालून मंद आचेवर ढवळत घट्ट उकड करा, कोमट झाली की तिच्यात सावर क्रीम आणि बटर घोटा. दुसरं दूध नको. उरलेला मका ७० ग्रॅमवर आणा आणि मैदा १६० करा. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि तुकडा सुरीने कापता येतो. अंड्याच्या पावाइतका उंच तो होणार नाही.

आतापर्यंत तूप सुटणं हा दोष होता. आता एक पदार्थ असा, ज्यात तेच हवं असतं.

युक्रेनच्या कार्पेथियन डोंगरांत राहणारे हुत्सुल लोक ‘बानोश’ करतात: मक्याचं पीठ पाण्यात नाही तर थेट आंबट सायीत, स्मेतानात, शिजवलेलं. पाचशे ग्रॅम स्मेताना किंवा २०-२५ टक्क्यांचं सावर क्रीम, दीडशे मिलिलिटर पाणी, थोडं मीठ, आणि १२० ग्रॅम बारीक मक्याचं पीठ. जाड बुडाच्या पातेल्यात साय मंद आचेवर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, पीठ डाव्या हाताने चिमटीतून भुरभुरत सोडा, उजव्या हाताने लाकडी चमचा चालू ठेवा. पिठल्याला बेसन लावताना जसं. एकाच दिशेने ढवळायचं असं तिकडचे लोक सांगतात. दिशेने फरक पडतो असं वाटत नाही, पण न थांबण्याने नक्की पडतो. वीस-पंचवीस मिनिटांनी गोळा भांड्याची कड सोडायला लागतो आणि पिवळं तूप वर चमकतं. मसाल्याला तेल सुटेपर्यंत परततो, तीच खूण. मग झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्यायचं.

इथे साय फुटत नाही का? फुटते, आणि फुटायलाच हवी, पण क्रमाने. आधी पीठ फुगून प्रथिनांना धरतं, मग पाणी आटतं, शेवटी स्निग्धता बाहेर येते. पीठ पडण्याआधीच साय खळखळ उकळली तर क्रम उलटतो आणि दाणेदार चोथा होतो. फार आंबलेली साय असेल तरी तसंच. मग अर्धं सावर क्रीम, अर्धं ताजं क्रीम घ्या. बारा-पंधरा टक्क्यांच्या सायीचं बानोश शिजतं, पण तूप सुटत नाही, आणि तूप न सुटलेलं बानोश म्हणजे नुसती मक्याची उकड. वर ब्रिंझा, म्हणजे मेंढीच्या दुधाचं खारट चीज, तळलेले मशरूम किंवा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. ब्रिंझाऐवजी फेटा चीज चालतं. पनीर चालवायचं तर ते कुस्करून तीन-चार टक्के मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. साधं पनीर इथे बेचव लागतं.

त्याच डोंगररांगांच्या पलीकडे रोमानियात मक्याची ‘मामालिगा’ पाण्यातच शिजते, आणि आंबट साय, तिथली ‘स्मंताना’, विस्तवाकडे फिरकतही नाही. अडीचशे ग्रॅम जाडसर मक्याच्या रव्याला एक लिटर पाणी, दीड छोटा चमचा मीठ, अर्धा तास ढवळत शिजवणं, लाकडी पाटावर उलटी करून दोऱ्याने कापणं. वर खारट चीज आणि फ्रिजमधून काढलेली थंड साय. गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतो तसं हे आहे, आणि त्यात गरम-थंड हाच मुद्दा आहे. साय मिसळून पुन्हा गरम केली तर पदार्थ संपला. घरचं सावर क्रीम जरा पातळ किंवा कमी स्निग्धतेचं झालं असेल तर ते इथे वापरून टाका.

मेक्सिकोकडचं अख्ख्या दाण्यांचं काम मात्र आपल्या जिभेला सर्वांत जवळचं. तिथली ‘क्रेमा’ सावर क्रीमपेक्षा पातळ, कमी आंबट आणि किंचित खारट. दोन भाग सावर क्रीम, एक भाग फ्रेश क्रीम आणि चिमूटभर मीठ घोटलं की जवळ जातं. ‘राहास कोन क्रेमा’ करायचं तर पोब्लानो मिरचीऐवजी चार मोठ्या भावनगरी मिरच्या थेट आचेवर काळ्या होईपर्यंत भाजा, झाकून ठेवा, साल काढून पट्ट्या कापा. एक कांदा लोण्यात मऊ करा, २०० ग्रॅम दाणे घालून पूर्ण शिजवा, मग मिरच्या, आणि आच अगदी मंद करून १५० मिलिलिटर क्रेमा. दोन-तीन मिनिटं, उकळी नाही.

दाणे आधी पूर्ण शिजवा यावर जोर आहे कारण आम्लात मक्याचं साल मऊ होत नाही. चिंच किंवा टोमॅटो लवकर पडला की डाळ किंवा बटाटा शिजत नाही, तोच प्रकार. साय घालून मग शिजवत बसलात तर दाणे चिवट राहतात आणि तेवढ्या वेळात साय फुटते. लिंबूही असंच: ‘एस्कितेस’साठी, म्हणजे मेक्सिकोतल्या वाटीतल्या चटपटीत मक्यासाठी, दाणे, क्रेमा, तिखट आणि चीज कालवून झाल्यावर, वाटीत वाढताना पिळायचं. गरम कढईत साय असताना लिंबू पिळलं तर हमखास फुटणार.

फुटलेलं सावरता येतं का? रस्सा किंवा सूप असेल तर थोडंफार: आच बंद करा, दोन मोठे चमचे थंड फ्रेश क्रीम एका भांड्यात घेऊन त्यात फुटलेलं मिश्रण पळीपळीने घोटत जा. गाठी लहान असतील तर दिसेनाशा होतात. फुटलेलं कॅसरोल मात्र ओव्हनमधून परत येत नाही. ते निथळून, कुस्करून, कोथिंबीर-मिरची आणि थोडं बेसन घालून त्याची थालिपीठं लावा.

उरलेलं कॅसरोल किंवा कॉर्नब्रेड दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. उन्हाळ्यात त्याहून लवकर. गरम करताना मायक्रोवेव्ह निम्म्या शक्तीवर ठेवा किंवा फॉइल झाकून ओव्हन १५० अंशांवर. पूर्ण शक्तीवर कडा आधी उकळतात आणि तिथली साय पहिल्या दिवशी न फुटता टिकलेली असली तरी दुसऱ्या दिवशी फुटते. फ्रीझरमध्ये कॉर्नब्रेड महिनाभर चांगला राहतो, कॅसरोल नाही, आणि नुसतं सावर क्रीम तर नाहीच. विरघळल्यावर त्याचं पाणी आणि चोथा वेगळा होतो.